फोन हातात घेण्याआधी वही हातात घ्या

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत हळद प्रक्रिया गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते उतरवून घेतलं आहे. बोलण्याचा बाज आहे तसाच ठेवला आहे.)



अध्यक्ष ताईंनी मला सांगितलं, "गटाच्या मालाचा व्हिडिओ कसा काढायचा ते बायांना सांग." मी म्हटलं, काढायचं त्यात काय सांगायचं? लाल बटण दाबलं की निघतो. माझ्या सहा वर्षांच्या नातीलाही येतो. मला जे सांगायचं आहे ते बटण दाबायच्या आधीचं आहे. ते सांगायला मी लायक आहे, कारण ते न करता काय होतं हे मी स्वतः करून बघितलं आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फाल्गुन महिना, हळद शिजवायचे दिवस. आमच्या गटाच्या हळद पावडरचा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवायचा असं आदल्या रात्री ठरलं. ठरलं म्हणजे काय, व्हॉट्सअ‍ॅपवर एकीनं लिहिलं आणि बाकीच्यांनी अंगठे दाखवले. सकाळी घरचं आटपून, डबे भरून शेतावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. कुकर पहाटे चारला लागला होता. हळद शिजताना पांढरा फेस येतो, सगळ्या शिवारात वास सुटतो, बायका काडी टोचून बघतात शिजली का ते. हे सगळं आम्ही जायच्या आधीच उरकलं होतं. ताडपत्रीवर पसरलेली हळद तेवढी उरली होती. म्हटलं, ठीक, हीच काढू. चार मिनिटं काढली आणि फोन म्हणाला, जागा नाही. का नाही? तर गुड मॉर्निंगचे फोटो! उन्हात उभं राहून आम्ही पाच जणी गुलाबाची फुलं पुसत बसलो. मग एका ताईंना बोलायला उभं केलं, तर सूर्य त्यांच्या पाठीमागं. घरी येऊन बघितलं तर चेहरा तव्यासारखा काळा आणि आवाजाच्या जागी शेजारच्या पॉलिशच्या ड्रमची घरघर.

पुन्हा काढू म्हणावं तर त्या शेतातलं शिजवणं संपलेलं. हळद काही रोज शिजत नाही. हुकलं ते वर्षाचं हुकलं.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे, हसा. पण त्याच दिवशी आणखी एक झालं, ते हसण्यासारखं नाही. ज्या ताईंना आम्ही बोलायला उभं केलं त्यांना मी विचारलं, "गटातून पहिलं कर्ज कशासाठी घेतलं होतं?" आधी काही ठरवलेलं नव्हतं, जे तोंडात आलं ते विचारलं. त्या भोळेपणानं खरं सांगून गेल्या. नवऱ्याची दारूची उधारी फेडायला घेतलं होतं. मला वाटलं, वा, किती खरं बोलली! चेहरा काळा दिसत होता तरी आवाज बऱ्यापैकी ओळखू येत होता. मी तो तुकडा जसाच्या तसा गटावर टाकला. संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या भावकीत फिरला. घरात काय झालं ते मी इथं सांगणार नाही, तो त्यांचा प्रश्न आहे. एवढंच सांगते की त्या तीन महिने बैठकीला आल्या नाहीत. बचत दुसरीच्या हातानं यायची. मी घरी गेले, माफी मागितली. त्यांनी चहा केला, कप पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "विचारायचं तरी होतंस."

त्या एका वाक्यासाठी मी आज इथं उभी आहे.

शहरातले व्हिडिओवाले या आधीच्या कामाला प्री-प्रॉडक्शन म्हणतात. आपण पूर्वतयारी म्हणू. तुम्हाला ही गोष्ट नवी नाही. ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण आधी ठिपके मोजून मांडतो, रेघ नंतर ओढतो. लग्न एका दिवसाचं, पण याद्या कधीपासून चालतात? कोणाला मानाचं पातळ, कोणाला टॉवेल-टोपी, आचारी कोण, पाण्याचा टँकर कुठून. जिनं एक लग्न निभावलं तिला सिनेमाची तयारी कळते. फक्त आपण ती फोनला लावत नाही.

पहिला प्रश्न वहीत लिहायचा: हा व्हिडिओ कोणी बघायचा आहे? "सगळ्यांनी" हे उत्तर चालणार नाही. यावर एक गोष्ट सांगते. दादासाहेब फाळके, आपल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांना 1912 साली सिनेमा काढायचा होता आणि जवळ पैसा नव्हता. कर्ज देणाऱ्याला सिनेमा म्हणजे काय हेच कळत नव्हतं. मग त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि रोज त्या रोपाचं थोडं थोडं चित्र घेत राहिले. महिनाभराची वाढ मिनिटभरात दिसली. "अंकुराची वाढ" असं त्याचं नाव. ते दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं आणि 3 मे 1913 ला "राजा हरिश्चंद्र" लोकांसमोर आला. म्हणजे ते पहिलं मिनिटभराचं चित्र पैसे देणाऱ्यासाठी होतं. कुंडी कुठं ठेवायची, उजेड कुठून येणार, किती दिवस लागणार हे ठरवल्याशिवाय ते झालं नसतं.

आणि सरस्वतीबाईंना विसरू नका. फाळक्यांच्या पत्नी. त्यांनी दागिने दिले हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या रात्री बसून फिल्मच्या पट्टीला कडेची भोकंही पाडायच्या आणि युनिटमधल्या सगळ्यांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असायचा. आजच्या भाषेत निम्मी प्रॉडक्शन मॅनेजर त्याच होत्या. हे सांगायला कोणी विसरलं की मला राग येतो.

तर आमचा बघणारा कोण? आम्ही बैठकीत चर्चा केली. आमची हळद घेणारी बाई तालुक्याच्या गावातली, नोकरदार घरातली. ती पाकीट हातात घेते आणि म्हणते, "बाजारात याहून स्वस्त मिळते." मग आमच्या व्हिडिओनं तिला एकच गोष्ट सांगायची: ही महाग का. उत्तर आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. साधारण पाच किलो ओली हळद शिजवावी, दहा-पंधरा दिवस वाळवावी, तेव्हा कुठं किलोभर हळकुंड हाती येतं. पुढं पॉलिश, दळण, चाळण. एवढंच दाखवायचं. गटाची स्थापना कधी झाली, पदाधिकारी कोण, हार-तुरे, दीपप्रज्वलन यातलं काही नको. त्यावर आमच्यात वाद झाला, कारण अध्यक्षांना दीपप्रज्वलन हवं होतं. (त्या समोरच बसल्या आहेत आणि हसत आहेत, म्हणून बोलते.) शेवटी ठराव लिहिला. ठरावात व्हिडिओची लांबी पण लिहिली: दोन मिनिटं.

दोन मिनिटं म्हणजे किती बोलणं होतं, हे घड्याळ लावून बघा. आम्ही बघितलं. सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटांत सव्वादोनशेच्या वर जायचंच नाही, आणि मध्ये श्वास घ्यायला, हळद बघायला जागा सोडायची तर दीडशेच पुरे. वहीचं पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला काय दिसणार, उजव्या बाजूला काय ऐकू येणार. जिथं दिसतंच आहे तिथं बोलायचं नाही. "आता ताई हळद चाळत आहेत" हे वाक्य आम्ही खोडलं, चाळणी दिसते की! ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चौकटी आखून चित्रं काढावीत. आमच्या गटातल्या आजींनी कुकरचं चित्र इतकं बेस काढलं की सगळ्यात आधी तोच शॉट आम्हाला डोळ्यासमोर दिसला.

अक्षर येत नाही म्हणून जी मागं सरते तिला हे सांगा: 1984 साली अहमदाबादला सेवा संस्थेच्या बायकांनी व्हिडिओ शिकायला घेतला, तेव्हा त्यात भाजी विकणाऱ्या बायका होत्या, वाचता न येणाऱ्याही होत्या. आणि आपल्या नांदेड-लातूरच्या पलीकडं, तेलंगणात जहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका स्वतः कॅमेरा चालवतात. त्यांनी शॉटला आपली नावं दिली आहेत. वरून खाली बघणारा कॅमेरा म्हणजे पटेल शॉट, कारण जमीनदार गरिबाकडं तसा बघतो. डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीवर कॅमेरा धरला की तो संघम शॉट, कारण संघात सगळ्या सारख्या पातळीवर बसतात. मी हे ऐकलं तेव्हा आमचा पहिला व्हिडिओ आठवला. ताडपत्रीवर हळद पसरणाऱ्या बायका खाली बसलेल्या आणि आम्ही उभ्यानं वरून काढत होतो. पटेल शॉटच की तो! दुसऱ्या वेळी वहीत लिहूनच टाकलं, "बसून काढायचं."

आता त्या संमतीच्या गोष्टीकडं येते, कारण पूर्वतयारीचा हाच भाग लोक गाळतात. आम्ही काय करतो सांगते. शूटिंगच्या किमान दोन दिवस आधी जिला बोलायचं आहे तिच्या घरी जातो. शूटिंगच्या जागी नाही, घरी. चार बायांसमोर "नको" म्हणणं अवघड असतं. काय विचारणार ते प्रश्न वाचून दाखवतो. व्हिडिओ कुठं जाणार तेही सांगतो. गटापुरता, की व्हॉट्सअ‍ॅपवर, की यूट्यूबवर, आणि एकदा बाहेर गेला की परत आणता येत नाही हे पण सांगतो. चेहरा दिसला तर चालेल का, नाव चालेल का, गाव चालेल का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, एकदम विचारू नका. तिच्या घरी त्यावरून त्रास होईल का हेही हळूच विचारायचं. मग वहीत तिची सही किंवा अंगठा. आणि तयार झालेला व्हिडिओ आधी तिला दाखवायचा. ती "हे काढा" म्हणाली की काढायचं, तिथं वाद घालायचा नाही. लहान मुलं दिसणार असतील तर आई-वडिलांना विचारायचं. आणि ज्या बाईवर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तिची ओळख उघड करणं हा कायद्यानं गुन्हा आहे, तिथं आपली कणव दाखवायला जाऊ नका.

दुसरी कायद्याची गोष्ट बोलण्याच्या मजकुराची. आमच्या पहिल्या कच्च्या मजकुरात एकीनं लिहिलं होतं, "आमची हळद खा, कॅन्सर पळवा." चांगल्या मनानं लिहिलं होतं, मोबाईलवर वाचलं होतं तिनं. पण खाण्याचा पदार्थ विकताना असा दावा करता येत नाही. औषधांच्या जादूई जाहिरातींवर 1954 चा कायदा आहे, आणि 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. आपल्या गटाची सगळी उलाढाल विकली तरी तेवढे येणार नाहीत! वहीत असतानाच ते वाक्य खोडलं, फुकटात काम झालं. त्याऐवजी पाकिटावरचा एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर जवळून दाखवायचा असं लिहिलं. गाण्याचंही तसंच. सिनेमाचं गाणं मागं लावलं की दुसऱ्याचा माल न विचारता उचलल्यासारखं होतं. आमच्या आजींना जात्यावरच्या ओव्या येतात. त्यांना विचारलं, त्या हो म्हणाल्या, आणि आधीच्या दिवशी शांत खोलीत नुसता आवाज भरून ठेवला.

जागा बघायला एकदा आधी जायचंच. आणि ज्या वेळेला काढायचं आहे त्याच वेळेला जायचं. सकाळी अंगण छान दिसतं, दुपारी तिथंच निंबाची सावली अर्ध्या तोंडावर येते. आम्ही दोघी जणी जाऊन आलो तेव्हा कळलं की नऊ वाजता शेजारची पिठाची गिरणी सुरू होते आणि दहाला लाईट जाते. मग बोलण्याचं काम आठ ते नऊ. सूर्य फोन धरणारीच्या पाठीशी, म्हणजे बोलणारीच्या तोंडावर उजेड. पण कुकरचं काम पहाटेचं, तेव्हा अंधार. तिथं काय करायचं? आम्ही शेतमालक दादांना विचारलं, शेवटचा घाणा उजाडल्यावर लावाल का? ते लगेच हो म्हणाले. आदल्या वर्षी विचारलं असतं तर तेव्हाही म्हणाले असते.

फोनचा हिशोब सोपा आहे. चांगल्या दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण शंभर-दीडशे एमबी जागा खातो, म्हणजे तासाला सात-आठ जीबी धरा. आदल्या रात्रीच तेवढी जागा रिकामी करा. फोन एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी माहेरचा फोन येतो. काच पदरानं नाही, स्वच्छ मऊ कपड्यानं पुसा, हळदीच्या हाताचा डाग बसला की सगळं पिवळं धुकं दिसतं. यूट्यूबसाठी फोन आडवा, स्टेटससाठी उभा, आणि हे आधी ठरवा, मध्येच बदलू नका. प्रत्येक शॉट मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत हलायचा नाही. बोलणारीला कॉलर माईक लावा, वायरवाला साधा असला तरी चालतो, पण घरी एकदा लावून, ऐकून बघा. आणि महत्त्वाचं: फोन कोणाचा आहे? आमच्याकडं चांगला फोन एका ताईंच्या नवऱ्याचा होता आणि तो कामावर घेऊन जायचा. म्हणून तारीख त्याच्या सुट्टीला धरली. हे लिहायला लाजू नका, तयारी म्हणजे असलंच सगळं असतं.

पैशाचं पण लिहा. व्हिडिओ फुकट निघतो असं म्हणू नका. चार बायांचा अर्धा रोज बुडतो, जायला यायला रिक्षा लागते, चहा-नाश्ता होतो, डेटा संपतो. आम्ही बोलणाऱ्या आणि काम करणाऱ्या सगळ्यांचा बुडलेला रोज गटाच्या खर्चात धरला. एकदोघी म्हणाल्या, आपल्याच गटाचं काम, त्याचे काय पैसे? मी अडून बसले. कॅमेऱ्यासमोर दोन तास तीच चाळणी पुन्हा पुन्हा हलवणं हे कामच आहे. खर्चवहीत वेगळं पान केलं, पावत्या चिकटवल्या.

इतकं सगळं करून मागच्या वर्षी शूटिंगच्या आदल्या रात्री काय झालं? अवकाळी! हळद झाकायला सगळं गाव पळालं, कसला व्हिडिओ नि कसलं काय. पण वहीत आम्ही एक जादा तारीख लिहून ठेवली होती, तीन दिवसांनंतरची, आणि शेतमालकांना ती माहीत होती. त्या दिवशी सकाळी साडेसहाला फेस आला, काडी टोचली, वाफेतून आजींचा हात दिसला. दुपारी बाराच्या आत सगळं उरकून आम्ही भाकरी खायला बसलो होतो. पहिल्या वेळी आख्खा दिवस घालून चार मिनिटं आणली होती, तीही वाया गेली.

त्या व्हिडिओनं काय मिळालं, असं परवा एकीनं विचारलं. खरं सांगते, लाखो लोकांनी बघितला वगैरे काही नाही. पण तालुक्याच्या दोन दुकानदारांनी पाकिटं ठेवून घेतली, आणि गिऱ्हाईक भावावर बोललं की ते आता स्वतःच फोन काढून तिला आमचा व्हिडिओ दाखवतात. त्यातला एक जण अजून भाव कमी करा म्हणतो, तो वेगळा विषय.

आणि त्या ताई. त्या परत आल्या. दुसऱ्या व्हिडिओसाठी मी त्यांच्या घरी गेले नव्हते, माझी हिंमत झाली नाही. त्यांनीच बैठकीत विचारलं, "मला नाही का घेणार?" मी वही उघडून तीन प्रश्न विचारले. चेहरा नको म्हणाल्या. नाव नको. गाव चालेल. म्हणून आमच्या व्हिडिओत शेवटी जे दोन हात पाकिटाला शिक्का मारतात, हिरव्या बांगड्यांचे, ते त्यांचे आहेत. त्या शॉटला बोलणं नाही, फक्त मशीनचा आवाज आहे. त्यांना घरी नेऊन दाखवला तेव्हा त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणाल्या, नखाची हळद काढायला पाहिजे होती.

या वर्षीची हळद काढणी सुरू झाली आहे. ज्या गटांना व्हिडिओ काढायचा आहे त्यांनी पुढच्या बुधवारी अकरा वाजता प्रभागसंघाच्या कार्यालयात यावं. फोन आणला नाही तरी चालेल. दोनशे पानी वही, पेन आणि गटाचा ठराव आणा.